तीनवर एक फुकट

डोमा मेश्रामला दोनच टायर हवे होते, पुढचे. मागचे एप्रिलपर्यंत निभले असते, आणि एप्रिलमध्ये शाळांना सुट्या लागल्या की तो इको गाडी विकून मोकळा होणार होता. ही गोष्ट त्याने अजून कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. आज बायको, विमलाबाई, सोबत आली होती; परत जाताना तिच्या कानावर घालायची, असं त्याने मनाशी घोळवून ठेवलं होतं.

आसपासच्या खेड्यांतली पोरं साकोलीच्या शाळांत नेता-आणता त्याचे केस पिकले. सुरुवातीला गाडीत बसणारी पोरं आता आपली पोरं त्याच्या गाडीत बसवत होती. लोकांना याचं भारी कौतुक. लोकांचं काय जातं म्हणा! पाठ डोमाची धरायची, ट्रकचे दिवे डोमाच्या डोळ्यांत घुसायचे. गेल्या महिन्यात तर गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून बाजूच्या शेतात, धानाच्या बांधीत उतरली आणि थांबली. पोट्ट्यांना वाटलं, काका गंमत करून राहिले. ती खिदळली, आणि डोमाने उतरून बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं. तेव्हापासून त्याला स्वतःचीच भीती वाटत होती.

हायवेवरचं ते टायरचं दुकान म्हणजे नागपूरच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीची शाखा. बाहेर सवलतीचे फलक, आत गारेगार एसी आणि गिऱ्हाइकाला बसायला चक्क सोफा. "पुढचे दोन," असं काउंटरवर सांगून डोमा सोफ्यावर टेकला आणि बसल्या बसल्या घोरू लागला.

"उठा ना वो! झालं काम," विमलाबाई त्याला हलवत होती.

बाहेर गाडी उभी होती, चारही टायर नवेकोरे, काळेभोर.

"चार?" डोमाची झोप उडाली. "मी तं दोन म्हटलं होतं."

"तीनवर एक फुकट हाये म्हणे. तुमाले उठवाव म्हटलं, पण किती छान झोपले होते तुमी! मंग माह्या बचत गटाचे पैसे होते, ते देल्ले. रोज पाठ दुखते म्हनता ना? आता पाच वर्षं पाहा लागत नाई."

पाच वर्षं. डोमा चाकांभोवती एक चक्कर मारून आला.

"जुने कुठी हायेत?"

"थ्यायनं दुकानातच ठेवून घेतले."

दुकानातल्या माणसाने चाकांखाली लिंबं ठेवली होती. "आमच्यात नाई चालत हे," म्हणत विमलाबाईने ती उचलली आणि वरणात पिळायला म्हणून पिशवीत टाकली. स्वतःच्या पैशाने नवऱ्याला काहीतरी घेऊन दिल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. तो पाहून डोमाला तिचा राग करता येईना, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं.

गाडी हायवेला लागली. ना धडधड, ना हिसका.

"सकाळी काहीतरी सांगतो म्हनत होते ना?" तिने विचारलं.

"काई नाई," डोमा म्हणाला. "मस्त चालून राहिली गाडी."

"मंग!"

थोड्या वेळाने खिडकीला डोकं टेकून ती शांत झोपली. डोमाने आपल्या बाजूची काच खाली केली, तोंडावर वारा घेतला आणि डोळे ताणून रस्त्याकडे पाहत राहिला.