रसाआधी रिकामी पट्टी

आमच्या सासूबाईंकडून आवळ्याचा रस मिळवणं रेशनच्या रॉकेलइतकं अवघड होतं. आधी पुरावा, मग बाटली. पुरावा म्हणजे ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची संपलेली, रिकामी पट्टी.

आगाशीच्या आमच्या वाडीत विहिरीशेजारी आवळ्याची झाडं होती. थंडीत फळ आलं की सासूबाई रस काढून मंद आचेवर आटवायच्या, त्यात डाळिंबाचा रस आणि मध घालायच्या. नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. प्रेशर, ब्लॉकेज हे शब्द घरोघरी ऐकू यायला लागले होते. सासूबाईंच्या रसाने प्रेशर उतरतं, रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, अशी बोलवा पार विरारच्या बिल्डिंगींपर्यंत गेलेली. माणसं दारात यायची. सासूबाई हात पुढे करायच्या, "पट्टी?" नसेल तर आल्या पावली परत, मग तो कितीही मोठा माणूस असो.

मी नवी सून. मला मेलं लाजल्यासारखं व्हायचं. द्यायचं तर द्या, नाहीतर नाही म्हणा, ही हजेरी कसली घेताय!

त्यात माझे बाबा. वालीवच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आई गेल्यापासून विरारच्या फ्लॅटमध्ये एकटे, आणि प्रेशर असं की डॉक्टरांनी यंत्र पुन्हा लावून बघितलं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न घेणारा हा जुन्या वळणाचा माणूस, पण रसासाठी एसटीने आगाशीला यायचा. गोळीवर भारी राग. "एकदा लागली की जन्माची लागते. फळाचं तसं नाही," हे माझ्यापाशी. विहीणबाईंपुढे मात्र मुकाट पट्टी काढून द्यायचे. मी म्हटलं, चला, कुरकुरत का होईना, घेताहेत.

एका सकाळी सासूबाईंनी बाबांची पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि बघतच राहिल्या. त्यांच्या भावाला मधुमेह होता, त्याच्या गोळ्या नेहमी सासूबाईच आणायच्या.

"व्याहीबुवा, तुम्हाला साखर कधीपासून?"

"मला? छे हो!"

"मग ही साखरेची पट्टी कुणाची?"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेजाऱ्यांनी टाकून दिलेली पट्टी उचलून आणली होती पठ्ठ्याने! मला हसू फुटलं. पण तेवढ्यात ते खाली मान घालून म्हणाले, "गोळी दिवाळीपासून बंद आहे." मी मनातल्या मनात महिने मोजले. तेव्हा संक्रांत उलटून गेली होती.

आता सासूबाई त्यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. विहीणच ती, हक्कच होता. पण त्या ओटीच्या पायरीवर बसल्या.

"आमच्या ह्यांनीही हेच केलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातचा रस असताना गोळ्या कशाला, म्हणाले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! फुशारले मी. होळीच्या आत अर्धं अंग गेलं त्यांचं, मग सगळेच गेले."

सासरे अर्धांगाने गेले, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं ही बाई ते एकटीने गिळून बसली होती, आणि तरीही दर थंडीत रस आटवत होती.

"रस चांगलाच आहे माझा. पण त्याच्या भरवशावर आणखी एक माणूस मी जाऊ देणार नाही. उठा." पदर खोचून त्या बाबांना बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. प्रेशर भलतंच चढलेलं निघालं. गोळी तिथल्या तिथे सुरू झाली. बाटली मात्र त्या दिवशी मिळाली नाही. काय बाई होती! मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

पुढे एका वर्षी आवळा धरलाच नाही. तरी बाबा नेहमीसारखे एसटीतून उतरून दारात हजर.

"व्याहीबुवा, यंदा रस नाही हो," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि खिशातून पट्टी काढून पुढे केली.

सासूबाईंनी ती उजेडात धरून उलटसुलट तपासली. मग मला हाक मारली, "अगं, बाबांना पाणी आण."

मी आणलं. बाबांनी तांब्या घेतला आणि ते पाणी प्यायले.