परग्रहाला आग्रहाचं निमंत्रण

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरला त्याच्याच डॉक्टरांच्या दारात बसले होते. बायपाससाठी पुन्हा नवी तारीख मागायला. आधीच्या तारखा त्याने पुढे ढकललेल्या, आणि दर वेळी डॉक्टरांपुढे ओशाळं तोंड करून उभं राहायचं माझ्या नशिबी. फोन आमच्या बिल्डिंगमधल्या मृणालचा होता. "अक्का, तुम्ही लगेच घरी या. अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. खरं सांगते, मला संताप आला. आतून नर्स अण्णाचं नाव पुकारत होती...

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं घराणं बंगळूरात इतक्या पिढ्यांचं की आमच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते आम्हालाही कळत नाही. तो इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात सर्किटं जोडत निवृत्त झाला, वहिनी गेल्यावर मारतहळ्ळीला माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आला, आणि तिथे त्याला हे खूळ लागलं. माणसाने यानांतून परग्रहवासीयांना नमस्कार पाठवलेत, मग आपल्या बिल्डिंगचा का नको? प्रत्येक घराने लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी द्यायची आणि सोबत एक वाक्य. बरणीत दिवा. वाक्यातल्या अक्षरांप्रमाणे तो लांब-आखूड लुकलुकणार, आकाशाकडे तोंड करून. एक बरणी बोलून झाली की दुसरी. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्याने लाकडी मांडणी ठोकली. लोकांनी बरण्या धड धुऊनही दिल्या नव्हत्या, त्यामुळे कितीतरी दिवस गच्चीवर कपडे वाळत घातले की त्यांना कैरीच्या खाराचा वास यायचा.

आणि ती वाक्यं... बिल्डिंगमधली मराठी मंडळी, आम्ही जुनी काय आणि पुण्या-नागपूरहून आलेली नवी काय, सगळी सारखीच. परग्रहाला काय सांगायचं म्हटल्यावर एकजात लग्नपत्रिकेची भाषा. "सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे." कुणी खाली "हीच नम्र विनंती" जोडलेलं, कुणी "कृपया आहेर आणू नये." निमंत्रण दिलंय पण वार-वेळ कळवली नाही, हे बरं दिसतं का, यावर एक अख्खी मीटिंग वाया गेली. मृणाल म्हणाली, "अण्णा, ते खरंच आले तर पार्किंगचं काय? इथे आपल्याच गेस्टना मिळत नाही." मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा मात्र एकेक वाक्य गंभीरपणे ऐकून घेत होता, आणि मृणाल ऑफिसातून आली की तिला धरून बसवून त्याचा प्रोग्राम लिहून घेत होता.

छातीत कळ आली की हा जिन्यात टेकायचा, आणि कळ थांबली की परत वर. मी म्हणायचे, "अण्णा, आधी ऑपरेशन. बरण्या कुठे पळून जात नाहीत."

"स्वल्प थांब गं. दिवे लागू देत, मग तू म्हणशील त्या टेबलावर झोपतो."

"डॉक्टर थांबायला तयार नाहीत."

"सरी, सरी, बरं बाई," म्हणायचा आणि पक्कड उचलायचा. ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, एकदा तर बरण्या फोडीन म्हणाले. त्यावर म्हणाला, फोड, पण काच पायात जाईल, चप्पल घालून ये. अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? दिवे लागायला आठवडा राहिला होता आणि तो दुपारी जेवून पडला, तो उठलाच नाही.

दिवसकार्य झाल्यावर मृणालने उरलेलं काम पुरं केलं, आणि एका संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. मी जाणार नव्हते. तीच हात धरून घेऊन गेली. बरण्या एकेक करून लुकलुकल्या. शेवटची अण्णाची. ती लागलीच नाही, सगळी मांडणी काळोखात गेली. "सर्किट गेलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. माझ्या मनात आलं, यासाठी जीव घालवलास?

"बिघडलं नाहीये अक्का," मृणाल हळूच म्हणाली. "अण्णांनीच तसं करून घेतलंय. म्हणाले, सगळे नुसते बोलतच सुटलेत. शेवटी थोडा वेळ सगळं बंद ठेव, उत्तर आलं तर ऐकायला नको का कुणी?"

ऐकायला. डॉक्टरांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, आणि हा माणूस इथे बसून कुठल्या परग्रहाचं ऐकणार होता. मला राहवेना. सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हणाले, "आधी ऑपरेशन करून घ्यायचं होतंस, अण्णा." थोड्या वेळाने पहिली बरणी पुन्हा लुकलुकू लागली.

आता मी रोज दिवेलागणीला वर जाते. बरण्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसते, आणि काळोख झाला की त्याला सुनावते. न घेतलेल्या गोळ्यांबद्दल, जिन्याबद्दल, पुढे ढकललेल्या तारखांबद्दल. जन्मभर त्याने मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. आता मध्ये बोलत नाही... सगळं निमूट ऐकून घेतो, आणि मला तेच सहन होत नाही.