कांद्याच्या वेबसाईटवर सतरा चेहरे

मंडळी, आज स्वतःचीच किळस आली.

मंचरच्या एका कांदा आडतदाराची वेबसाईट करतेय. रंग सुचेनात, म्हणून सकाळी त्यांच्या गाळ्यावर बसून कांद्याची सालं उन्हात धरून पाहिली. तो गुलाबी, तो तांबूस, सगळं जसंच्या तसं वेबसाईटच्या रंगांच्या कोडमध्ये, सीएसएसमध्ये, उतरवलं. लई खूश होते मी.

शेठनी पाहिलं अन् म्हणाले, "ताई, हे सुनं सुनं वाटतंय राव. चौकातल्या फ्लेक्सवानी करा की! वर पुढाऱ्यांचे फोटू, खाली शुभेच्छुक."

मीही मुकाट्यानं दुपारभर सतरा चौकोनी फोटो गोल करत बसले. जागा पुरेना, म्हणून शेवटी कांद्याचाच फोटो काढून टाकला. शेठ म्हणाले, "आता कसं भारी दिसतंय!"

सालं अजून पर्समध्ये आहेत. बघवत नाहीत.

खरं सांगा, तुम्ही कुणाला काढलं असतं? पुढाऱ्याला, की कांद्याला?