ताण्याखालचे बेलिफ

सोलापुरात परका माणूस ओळखून काढण्याचं काम देवानं आपल्या एकट्यावर सोपवलेलं आहे, अशी आमच्या शेजारच्या, कोर्टातून निवृत्त झालेल्या बेलिफांची पक्की समजूत होती. माणूस पागोटं कसं बांधतो, भाकरी पहिल्या घासाला कशी मोडतो, एवढ्यावर ते निकाल देत. स्वतः ते साताऱ्याकडून बदलीनं आलेले, तेही तिशी उलटल्यावर. पण हे कुणी काढलंच, तर म्हणत, "मला सरकारनं आणलं. मी आलो नाही." त्यांच्यानंतर स्टेशनावर उतरलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी उपरा. बायको बिऱ्हाड घेऊन महिनाभरानं आली होती, म्हणून भांडणात ते तिलाही सोडत नसत.

एकोणीसशे तीस साल उजाडायच्या आधीचे ते दिवस. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, तेलंगी विणकरांची कुटुंबं गाड्या भरभरून येत होती. गावात कुरकुर होती. घरभाडी वाढली, नळाला पाणी पुरेना, पहाटेपासून मागांची खटखट. वाणी त्यांच्या नावानं नाकं मुरडत आणि त्यांनाच तांदूळ विकत. बेलिफ मात्र नुसते कुरकुरत नसत. पितळी बटणांचा जुना कोट घालून, काठी घेऊन ते रोज सकाळी स्टेशनावर पहारा द्यायला जात. डोक्यावर मागाची लाकडं घेऊन कुणी उतरलं, की यांनी काठी उगारून खेकसायचं: इकडं कुठं शिरता, ही गिरणीची वाट, तुमची विणकरांची पेठ तिकडं आहे. आलेल्यांना मराठीचं अक्षर कळत नसे. त्यांना दिसत ती पितळी बटणं आणि वाट दाखवणारी काठी. रस्ता दाखवायला सरकारनं माणूस नेमलाय, असं समजून ते हात जोडत आणि काठीच्या दिशेनं चालू लागत. घरी येऊन बेलिफ मला वैतागून सांगत, की या लोकांना साधा रागसुद्धा येत नाही.

पण खरं युद्ध आमच्या गल्लीत पेटलं होतं. समोरच्या खोल्यांत एक म्हातारे विणकर आपलं कुटुंब घेऊन राहायला आले होते. सकाळी ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांवर मागाच्या उभ्या सुताचा लांबच लांब ताणा पसरत आणि खळ लावून घरची सगळी माणसं त्यावर कुंचे फिरवत. हीच पांजणी. खळ सुकेपर्यंत ताणा हलवायचा नाही, नाहीतर धागे एकमेकांना चिकटून सगळं सूत वाया. आता बेलिफांचं दार एका अंगाला आणि स्टेशनाकडं जायचा बोळ दुसऱ्या अंगाला. त्यामुळे जन्मात जज्जसाहेबापुढं न वाकलेला हा माणूस रोज सकाळी ताण्याखालून ओणवा होऊन जाई. वाकताना ते जे बोलत, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यांनी म्युनिसिपालटीत तक्रार केली. एक मेंबर स्वतः अडथळा पाहायला येणार असं ठरलं आणि विणकरांच्या खोल्यांतलं हसणंबोलणं बंद झालं. गल्ली बंद झाली तर ताणा पसरायला दुसरी जागा नव्हती. बिऱ्हाड उचलून परत मोगलाईची वाट धरावी लागली असती.

मेंबर यायच्या दिवशी बेलिफ कोट घालून निघाले, ताण्याखाली वाकले आणि तिथंच त्यांची पाठ धरली. सरळ होता येईना, पुढं सरकता येईना, कुणी हात लावला की बोंब. कसंबसं त्यांना जागच्या जागी घोंगडीवर आडवं केलं. बाजेवर घालून न्यायचं, तर ताणा मध्ये. म्हाताऱ्यांनी एकदा ताण्याकडं पाहिलं, एकदा यांच्याकडं, आणि घरातून कात्री घेऊन आले.

"सायब, कापतो. सूत पुना मिळंल," ते म्हणाले.

बेलिफ खालून बघत राहिले. मग एकदम कडाडले, "खबरदार कात्री लावलीस तर! सुकू दे. मी पडतो हितंच."

आणि खरोखर पडून राहिले. वरून खळ ठिबकत होती, म्हाताऱ्यांची सून सुपानं वारा घालत होती, आणि बेलिफ आडव्यानंच, कुंचा कुठं कमी फिरला ते सांगत होते. तेवढ्यात मेंबरांचा टांगा गल्लीत शिरू लागला.

"टांगा मागं घे," खालून आवाज आला. "पांजणी चाललीय, दिसत नाही?"

मेंबर उतरून वाकून पाहू लागले. "अहो, तुमच्याच तक्रारीवरून आलोय मी."

"तक्रारदार सध्या कामात आहे," बेलिफ म्हणाले. मेंबर जे हसत गेले ते पुन्हा आले नाहीत, आणि यांनीही बोलावलं नाही. पुढं मी एकदा छेडलं, तेव्हा ते म्हणाले, "मी जन्मभर लोकांची भांडीकुंडी जप्त केली. आपणहून कुणी वाटीसुद्धा पुढं केली नाही. अन् हा माणूस माझ्या पाठीसाठी घराची भाकर कापायला निघाला की हो." स्टेशनावर खेकसणं मात्र चालूच राहिलं. ते थांबलं असतं, तर नव्या लोकांना पेठ सापडली नसती.

काही वर्षांनी त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि तो दोघांना न्यायला आला. निघायच्या सकाळी टांगा थेट दारात आला. समोरच्यांनी त्या दिवशी काम बंद ठेवून गल्ली मोकळी सोडली होती. बेलिफ पायरीवर येऊन दोन्हीकडं पाहत उभे राहिले. ताणा कुठाय, त्यांनी विचारलं.

"तुमी जानार म्हनून आज न्हाय लावला, सायब," म्हातारे म्हणाले.

"पाहुण्यासाठी रस्ता मोकळा करतात," बेलिफ म्हणाले. "मी काय पाहुणा हाय?"

ते पायरीवर बसले ते उठेनात. मुलगा गाडीची वेळ सांगून थकला. शेवटी म्हाताऱ्यांनी घरात हाक मारली, कैच्या बाहेर आल्या, सूत पसरलं गेलं, खळीचा वास सुटला. टांगा उलट्या पावली गल्लीच्या तोंडाशी गेला. मग बेलिफ उठले आणि म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून, ओल्या ताण्याला कोट लागू नये म्हणून भिंतीला अंग घासत, हळूहळू चालत गेले. मी ओट्यावर उभा होतो. मला फार वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.