चारच्या भोंग्याची वाट

माझ्या मुलीचं गाणं मीच बंद पाडलं, आणि तेही तिला मोठी गायिका करायच्या नादात.

त्या दुष्काळाच्या वर्षी आम्ही देवळाली प्रवरेजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. मी तिथं कारकून. शेजारची पोरं स्पर्धेत पेले जिंकून आणायची आणि त्यांची आई ते नेमके आमच्या दारासमोर बसून घासायची. (तिथं ऊन चांगलं येतं म्हणे!) मग मीही इरेला पेटलो. बारा वर्षांच्या शोभाला गाण्याला घातलं, दहा वर्षांच्या दिलीपला तालमीत. शिवाय दोघांना चित्रकला, लेझीम आणि हिंदीच्या परीक्षा. सायकल मात्र एकच, आणि ती हाणणारा मी. एकदा घाईत शोभाला तालमीच्या दारात आणि दिलीपला गाण्याच्या मास्तरांकडे उतरवून आलो. वस्तादांनी शोभाला लगेच परत पाठवलं. मास्तरांनी मात्र दिलीपचा आवाज तासभर सोसला आणि मग घरी येऊन मला ताकीद दिली.

हा सगळा कारभार चालायचा कारखान्याच्या भोंग्यावर. आठचा, बाराचा, चारचा. वसाहतीतला भातसुद्धा भोंगा ऐकून चुलीवर चढायचा. भोंगा फुकट वाजत असताना घड्याळाला कशाला शिणवायचं, म्हणून मी घरच्या घड्याळाला किल्ली देणंच सोडलं होतं.

आणि एका रविवारी दोघांचं एकदम आलं. दिलीपची कुस्ती कालव्यापलीकडच्या तालमीत, तीन वाजता. शोभाची गाण्याची स्पर्धा गावातल्या देवळात, साडेचारला. तिनं दोन महिने एकच अभंग घोटला होता. पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभी असतानाही म्हणायची, आणि खडूस बायकासुद्धा तिला पुढं जाऊ द्यायच्या. पोरीनं त्या दिवसासाठी जिवाचं रान केलं होतं.

निघताना मी तिला बजावलं, "चारचा भोंगा झाला की मी येतो. पेटी कॅरिअरला बांधू, तू दांडीवर बस. माझ्याशिवाय हलायचं नाही."

दिलीप अर्ध्या मिनिटात चीतपट झाला. अंगावरची माती झाडत आला आणि म्हणाला, आण्णा, जायचं का घरी? मी म्हटलं, बस रे, चार वाजायला अवकाश आहे. मग आम्ही फुटाणे खात लोकांच्या पोरांच्या कुस्त्या बघत बसलो. ऊन उतरलं. शेजारच्या माणसाला मी म्हणालोसुद्धा, आज दिवस लवकर कलला, नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी माणसं पांगली, तेव्हा वस्ताद जवळ आले.

"कुनाची वाट बघताय आण्णा?"

"चारच्या भोंग्याची."

"आवं, कारखाना दुपारीच बंद झाला की. ऊसच न्हाई तर वाफ कुठली आन् भोंगा कुठला? साडेपाच वाजून गेलं."

उसाअभावी गाळप संपत आहे, रविवारी बाराचा भोंगा शेवटचा, ही नोटीस आदल्याच दिवशी मी माझ्या हातानं लिहून कचेरीच्या फळ्यावर लावली होती!

दिलीपला मागं कॅरिअरवर टाकून सायकल हाणली. देवळाच्या अलीकडं बायको दिसली, डोक्यावर पेटी घेऊन परत येणारी. मागं शोभा, हिरव्या परकरात. दोघी घरात भोंग्याकडं कान लावून बसल्या होत्या. शेजारीण संध्याकाळच्या पाण्याला निघाली तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. पेटी उचलून धावत गेल्या, तर देवळात सतरंज्या गुंडाळणं चाललेलं. शोभाचं नाव तीनदा पुकारून झालं होतं.

"तुमी हलू नको म्हनला, म्हनून पोर उंबऱ्यातनं हलली न्हाई," बायको एवढंच बोलली.

शोभा रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "आण्णा, भोंगा होणार नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही गं पोरी. कुणीच नाही."

तिनं ते खरं मानलं. वर माझीच समजूत घातली, की जाऊ द्या, तुमचा काय दोष. त्या रस्त्यावर मला तोंड लपवायला जागा नव्हती.

सोमवारी दुपारी ती माझा डबा घेऊन कचेरीत आली. येता येता फळ्यापाशी थांबली. खाली माझी सही होती. मी एकदम रजिस्टरात डोकं खुपसलं. तिनं टेबलावर डबा ठेवला आणि हळूच म्हणाली, "आण्णा, अक्षर फार छान आलंय तुमचं."

आणि निघून गेली. पेटीला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही. मी कितीदा विनवलं, पण ती नुसती हसायची. आज वाटतं, त्या रस्त्यावरच खरं बोललो असतो, तर कदाचित गायली असती.

वर्षभर पोरांना घेऊन ऊर फुटेस्तोवर सायकल हाणली, ती घरात एक तरी शाबासकी यावी म्हणून. आली तेवढी एकच, आणि तीही मला!