मुंडी कोणाच्या ताटात?

आत्या आधी ताट बघायची, मग माणूस. कोणाच्याही घरी पंगतीला बसली की तिची नजर सगळ्या ताटांवरून फिरायची आणि एकाच ठिकाणी थांबायची. माशाची मुंडी कोणाला वाढली? ते कळलं की त्या घरात कोणाचं चालतं, हे तिला वेगळं विचारावं लागत नसे. गावात तिला 'मुंडीवाली' म्हणत, तोंडावरही म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. तिचा राग दुसऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला असे. आता तो माझ्याकडे आहे.

दवनीवाड्याच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून आमची ढिवरांची टोली, मासेमारांची वस्ती आहे. त्या तलावात मासेमारी करणारी सोसायटी आमची आणि आत्या तिची अध्यक्ष. टोलीत एक रीत आहे. काही ठरवायचं असेल त्या दिवशी सगळ्यात मोठ्या माशाची मुंडी, ज्याचा शब्द घ्यायचा त्याच्या ताटात वाढतात. त्याने ती सावकाश चोखून खायची, मग बोलायचं. तोवर बाकीच्यांनी थांबायचं. मुंडी वाढली नाही, तर त्या माणसाला विचारलंच नाही. आणि ज्याला विचारलं नाही, त्याचा होकार आमच्यात कोणी धरत नाही.

माझ्या चुलत बहिणीला, शीलाला, पाहायला पाहुणे आले होते. रोहूची मुंडी आत्याने सरळ शीलाच्या ताटात टाकली. मुलाचा काका म्हणाला, "पोरीले कायले देता? आमी बसलो ना इथं."

"लगन तिचं लागून राहिलं का तुमचं?" आत्या म्हणाली.

शीलाने मुंडी खाल्ली. डोळ्यामागचं मऊ मांससुद्धा सोडलं नाही. बोटं चाटून म्हणाली, "मले नाई करायचं." पाहुण्यांचा घास तोंडात फिरू लागला. आत्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते तलावाच्या हक्कासाठी पत्रकं काढायचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. एकदा त्यांनी नवं पत्रक तिला वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, "बापू, साऱ्या कागदात तूच बोलून राहिला गा. बाजारात मच्छी इकनाऱ्या बाया कुठी हायेत? मुंडी तूच खाल्ली." बाबा दोन दिवस रुसले, मग पत्रक नव्याने लिहिलं. तिचं ते वाक्य मी अजून लिहायला बसताना ऐकते.

मग एका कंपनीला आमचा तलाव हवासा झाला. पाण्यात मासे वाढवायचे पिंजरे, काठावर हॉटेल आणि पाळीवर कुंपण. त्यासाठी सोसायटीने आपला ठेका सोडल्याचा ठराव करून द्यायचा. या लुटीला ते 'विकासातली भागीदारी' म्हणत. त्यांनी आत्याला मच्छीमार भगिनींच्या सन्मानासाठी मुंबईला बोलावलं. सोबत मी गेले. शाल-नारळ उरकलं आणि दुपारी कंपनीचे साहेब आम्हाला जेवायला घेऊन गेले.

ते ग्रीक हॉटेल होतं. बाहेर गाड्यांचे भोंगे, आत पांढऱ्या भिंती, निळी दारं, कुंड्यांत जैतुनाची झाडं आणि भिंतीतल्या स्पीकरमधून समुद्राच्या लाटा. खरा समुद्र दोन गल्ल्या सोडून होता. दाराशी बर्फावर मासे मांडले होते, सगळ्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे. आत्या वाकून एकाचे डोळे बघू लागली.

"मावशी, हा विमानाने आलाय," साहेब म्हणाले.

"मंग थकला असंन," आत्या म्हणाली. "पन डोरे चांगले हायेत. हाच सांगा."

मिठाच्या थरात भाजलेला तो मासा वेटरने अख्खा आणून दाखवला. कंपनीच्या कॅमेरेवाल्याने फोटो काढले. मग वेटरने तो बाजूच्या टेबलावर नेला, दोन चमच्यांनी सोलला आणि आमच्यापुढे पांढरे तुकडे ठेवले. वर तेलाची धार, बाजूला लिंबाची फोड.

"मुंडी कुठी हाये?" आत्याने विचारलं.

"मॅडम, वो तो फेंक देते हैं," वेटर म्हणाला. मग खाली वाकून हळूच, "हमारे गाँव में भी बड़ों को देते हैं. यहाँ मना है."

साहेब हसले. "मावशी, इथं काट्यांचा, डोक्याचा त्रास नाही. नुसतं खायचं."

नुसतं खायचं. त्यांची सगळी योजना या दोन शब्दांत बसते, आणि त्या माणसाला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता.

आत्या जेवू लागली. मच्छीवर राग काढायचा नाही, असं ती म्हणायची. दोन घास झाले तोच साहेबांनी विचारलं, "मग ठराव कधी करताय?"

"तुमी मले इचारलं कवा?"

"आता विचारतोय की."

"मुंडी फेकली ना तुमी. मंग बोलनारा कोन राहिला इथं? ठराव होनार नाई."

साहेबांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. ते पुन्हा हसले, आणि त्यांचं हसू पाहून आत्याही हसली. त्या हसण्याचाही फोटो निघाला.

महिन्याभरात तलावाच्या पाळीवर मोठा फलक उभा राहिला. त्यावर आत्या, पुढ्यात ताट, चेहऱ्यावर हसू. वर लिहिलं होतं, 'आमचा तलाव, आमचा होकार'. आम्ही परतल्या दिवशीच टोलीत सांगितलं होतं की आत्याने नकार दिला. पण एका बाईच्या शब्दापुढे छापील फलक केवढा मोठा असतो, ते मी तेव्हा पाहिलं. सोसायटीचे सचिव दाजी चार लोकांत म्हणाले, "काऊन मुंडीवाली, मुंबईची मच्छी पचली का? तलाव तं गिळला." लोक हसले. मी ज्यांच्या बाजूने लिहिते तेच लोक. कंपनीइतकाच मला त्यांचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

पुढच्या ओढीला जाळ्यात मोठा रोहू आला. मुंडी दाजींच्या ताटात गेली. अध्यक्ष समोर बसलेली असताना. आत्याने कोरा भात खाल्ला, ताट उचललं आणि घरी गेली.

ठरावाची सभा लागली, तेव्हा तिने एकच मागणं केलं, सभा फलकाखाली घ्या. ती उभी राहिली. "मले बोलायचा हक नाई. मुंडी मले वाढली नाई. पन तुमाले डोरे हायेत. माझ्या तोंडाकडं नका पाहू, ताटाकडं पाहा."

सगळ्यांनी माना वर केल्या. पुरुषभर उंचीचं ते ताट. पांढरे तुकडे, तेल, लिंबाची फोड. मग टोलीतला सगळ्यात म्हातारा, गोमाबुढा, म्हणाला, "मुंडी नाई गा ताटात."

दाजी सगळ्यात जास्त वेळ बघत होते. कंपनीने आपल्याच पैशांनी, आपल्याच फोटोत, सगळ्या गावाला दिसेल एवढं मोठं करून छापलं होतं की या बाईला कोणी विचारलेलं नाही. ठराव पडला. फलकाकडे कंपनीने पाठ फिरवली. त्याचं कापड फाडून बायांनी मच्छी वाळवायला अंथरलं.

आत्या गेल्या हिवाळ्यात तापाने गेली. एका वर्तमानपत्राने तोच फोटो छापून तिला 'प्रकल्पाच्या खंद्या समर्थक' म्हटलं. मी खुलासा पाठवला, तो त्यांनी छापला नाही. मेलेल्या बाईच्या तोंडात होकार कोंबायला यांना लाज वाटत नाही, म्हणून मी हे इथे लिहिते आहे.

तिच्यानंतरच्या पहिल्या ओढीच्या दिवशी सोसायटीला कंपनीचा फोन आला. नवे साहेब, तीच मुंबई, पुन्हा जेवण. त्या दिवशी पंगतीत दाजी स्वतः वाढायला उठले आणि मुंडी माझ्या ताटात ठेवली. "आत्याची होय," एवढंच म्हणाले.

मी सावकाश खाल्ली. सगळे थांबले होते. हाडं ताटाच्या कडेला ठेवून मी म्हणाले, "जेवायचं असंन तं त्यायनं इथं यावं. मुंडी कोनाले वाढायची, ते आपन ठरवू."