लाखेतला अंगठा

लिही गो मनाली, मी बोलते तसंच लिही. तुझ्या आजाचं नाव तूच घाल, माझ्या तोंडात येत न्हाय. हां, दौलत.

शेलार गावचा मानूस. आधी कापडाच्या लूमवर ड्युटी करायचा. त्या खटखटीला कंटाळला आन् धामणकर नाक्यामागं गुलाम हुसेनच्या कारखान्यात बसला खडे घासायला. अंगठीचे खडे गो. पैलू न्हाय पाडायचे, वरून फुगीर, गुळगुळीत. मी म्हनायची, "तुमच्या पोटावानी!" तर म्हनायचा, "पोट तुझ्या भाकरीनं झालं, खडा मी करतो."

काडीच्या टोकाला लाख तापवायची, तिच्यात खडा बसवून खालची लाख अंगठ्यानं दाबायची, मग काडी धरून खडा चाकावर घासायचा. अंगठ्याला कायम फोड. मधेमधे खडा ओला करून बघायचा. ओला असला की पुढं कसा चमकनार ते दिसतं, सुकला की परत मातकट.

एक दिवस लाल अकीकाचा खडा काडीसकट घरी आनला. "हा तुझा. पॉलिश तेवढं ऱ्हायलंय." दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली आन् गेलाच. अकरा वर्षं काडी माझ्या डब्यात. रोज ओलं बोट लावते, चमकतो, सुकतो.

मग तू आलीस. "आक्का, साखरपुड्याला मला ह्याच खड्याची अंगठी पायजे." मी न्हाय म्हनलं, तू रुसलीस. खड्याचं न्हाय गो. खालच्या लाखेत त्याच्या अंगठ्याचा ठसा हाय, रेघा दिसतात. खडा काढायला लाख तापवली की ठसा गेला.

शेवटी तूच मला रिक्षात घालून नाक्यावर नेलंस. आता गुलाम हुसेनचा नातू सुफियान बसतो तिथं. त्याला मी दम भरला, "लाखेला हात लावायचा न्हाय!" काडी खालून धरून त्यानं पॉलिश केलं. म्हनला, "दादी, आग नकोच. फ्रिजात बर्फाच्या खान्यात ठेवतो. थंडीनं लाख खडा सोडते."

"फोडलास तर बघ!"

"दादी, चाय तरी घे."

कसली चाय. आत त्याच्या अम्मीच्या मटनाशेजारी तुझा आजा, आन् मी बाहेर स्टुलावर.

टक करून खडा सुटला. ठसा तसाच.

खडा आता तुझ्या बोटात. त्याला पानी लागत न्हाय, सुकाच चमकतो. काडी माझ्याकडं. खडा होता तिथं खळगा ऱ्हायलाय. काल सवयीनं तिथंच ओलं बोट लावलं. मग अंगठा ठेवला त्याच्या ठशावर. त्याचा मोठा होता गो. माझा आत हलतो.